अवयवांच्या रक्तपुरवठ्याचे स्थानिक नियमन : एका शास्त्रीय वादाचा इतिहास

प्रस्तावना

निरोगी प्रौढ व्यक्तीचे हृदय विश्रांतीच्या अवस्थेत दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त शरीरात पाठविते. या रक्ताची वाटणी अवयवांच्या वजनाप्रमाणे होत नाही. शरीराच्या वजनाचा केवळ २ टक्के भाग असलेल्या मेंदूला त्यातील सुमारे १५ टक्के रक्त मिळते, तर दोन्ही मूत्रपिंडांच्या वाट्याला सुमारे २० टक्के रक्त येते. कठोर श्रमाच्या वेळी हे चित्र पालटते. हृदयाचे कार्य चार-पाच पटींनी वाढते आणि वाढलेल्या रक्ताचा बहुतांश भाग काम करणाऱ्या स्नायूंकडे वळतो. मेंदूचा एकूण पुरवठा मात्र त्या प्रमाणात बदलत नाही.

ही वाटणी नेमकी कोण ठरविते? पाटाचे पाणी दोन प्रकारे वाटले जाऊ शकते. एका पद्धतीत कालव्याच्या मुखाशी बसलेला अधिकारी प्रत्येक शेताची पाळी ठरवितो. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक शेतकरी आपल्या पिकाची तहान पाहून स्वतःच्या बांधावरचे दार उघडतो वा मिटतो. शरीरातील रक्ताच्या बाबतीत यांपैकी कोणती पद्धत खरी, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शरीरक्रियाशास्त्रज्ञांपुढे उभा राहिला. आजच्या पाठ्यपुस्तकांत त्याचे उत्तर एका तक्त्याच्या रूपाने येते : चेतांचे नियंत्रण, चयापचयजन्य पदार्थांचे नियंत्रण, वाहिनीच्या स्नायूंचा स्वतःचा प्रतिसाद आणि अंतःस्तरातून स्रवणारे पदार्थ. या तक्त्यातील प्रत्येक ओळीमागे दीर्घ वाद आहे. काही ओळी एकदा लिहिल्या गेल्या, मग खोडल्या गेल्या आणि अनेक दशकांनंतर पुन्हा लिहिल्या गेल्या. प्रस्तुत लेखात या वादाचा ऐतिहासिक आढावा घेतला असून, शास्त्रीय मत बदलण्यामागे मापनाच्या साधनांचा वाटा किती मोठा होता, हे तपासले आहे.

चेतांचे वर्चस्व

विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला आणि मार्सेलो माल्पिगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या. त्यामुळे रक्ताचा मार्ग पूर्ण झाला. परंतु त्या मार्गावरील वाटणीचा प्रश्न तसाच राहिला. वाहिन्या म्हणजे नळ्या, अशीच सर्वसाधारण समजूत होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन गोष्टींमुळे ही समजूत बदलली. याकोब हेन्ले यांनी रोहिणींच्या भिंतीत अरेखित स्नायू असल्याचे सूक्ष्मदर्शकाने दाखविले. झां लुई प्वाझय या फ्रेंच वैद्याने अरुंद काचनळ्यांवरील प्रयोगांतून द्रवाचा प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो, असे सिद्ध केले. याचा अर्थ असा की, दाब तोच राहून त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजेच सूक्ष्म रोहिणीच्या भिंतीतील स्नायूचे थोडेसे आकुंचनही अवयवाचा रक्तपुरवठा कमालीचा घटवू शकते. दार कोठे आहे, हे अशा रीतीने कळले. त्या दारावर हात कोणाचा, हे कळावयाचे होते.

त्याचे पहिले उत्तर पॅरिसमध्ये मिळाले. १८५१ मध्ये क्लोद बर्नार यांनी सशाच्या मानेतील अनुकंपी चेता कापली. चेता शरीरातील उष्णता टिकवितात, अशी त्यांची धारणा असल्याने कान थंड पडेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या बाजूचा कान लाल व उष्ण झाला. हा परिणाम रक्तवाहिन्यांचा आहे, हे बर्नार यांनी प्रथम मानले नाही; त्यांचे लक्ष उष्णतेवर होते. १८५२ मध्ये शार्ल ब्राउन-सेकार यांनी कापलेल्या चेतेच्या टोकाला विद्युत् उद्दीपन दिले असता वाहिन्या आकुंचन पावून कान पुन्हा थंड होतो, हे दाखविले. बर्नारही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले. १८५८ मध्ये त्यांनी जबड्याखालील लाळग्रंथीवर प्रयोग करून वाहिन्या रुंद करणाऱ्या चेताही असतात, हे सिद्ध केले. उद्दीपन मिळताच ग्रंथीतून बाहेर येणारे नीलेतील रक्त लालभडक झाले व वेगाने वाहू लागले.

पुढील दोन दशकांत लाइपझिग येथील कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेने या दिशेने मोठे काम केले. रक्तदाबाचा आलेख काढणारे कायमोग्राफ हे यंत्र त्यांनी १८४७ मध्ये प्रसिद्ध केले होते. १८७० नंतरच्या काही वर्षांत त्यांच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी वाहिन्यांच्या आकुंचनाचे केंद्र लंबमज्जेत असल्याचे दाखविले. कालव्याच्या मुखाशी बसलेला अधिकारी सापडला, असे चित्र तयार झाले. ते चुकीचे नव्हते. पण ते अपुरे होते, आणि त्याच्या स्पष्टपणामुळेच त्याचे अपुरेपण दीर्घकाळ झाकले गेले.

ऊतींचा दावा

चेतांच्या या वर्चस्वाला पहिला छेद दिला तो लुडविग यांच्याच प्रयोगशाळेत काही काळ काम केलेल्या वॉल्टर गॅस्केल यांनी. केंब्रिजला परतल्यावर त्यांनी बेडकाच्या स्नायूंतील वाहिन्यांचे निरीक्षण चालू ठेवले. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दाखविले की, अत्यंत सौम्य लॅक्टिक आम्ल वाहिन्यांतून सोडले असता त्या रुंदावतात आणि अल्कलीमुळे त्या आकुंचन पावतात. स्नायू काम करतो तेव्हा आम्ल निर्माण होते, हे त्या काळी ज्ञात होते. त्यावरून निघणारा अर्थ महत्त्वाचा होता. काम करणारी ऊती आपल्याच चयापचयातून उत्पन्न होणाऱ्या पदार्थांद्वारे आपला रक्तपुरवठा वाढवून घेते. त्यासाठी तिला दूरच्या केंद्राच्या आज्ञेची वाट पाहावी लागत नाही.

दहा वर्षांनी केंब्रिजमध्येच हा विचार मेंदूला लावला गेला. चार्ल्स रॉय आणि तरुण चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९० मध्ये मेंदूच्या रक्तपुरवठ्याच्या नियमनावर निबंध प्रसिद्ध केला. कवटीला छिद्र पाडून, त्यातून मेंदूच्या फुगण्याची व आकसण्याची नोंद करण्याचे साधन त्यांनी वापरले. मेंदूतील रक्ताचे प्रमाण बव्हंशी सर्वसाधारण रक्तदाबाच्या मागे जाते, हे त्यांनी मान्य केले. परंतु रक्तस्राव करून मारलेल्या प्राण्याच्या मेंदूचा अर्क दुसऱ्या प्राण्याच्या रक्तात सोडल्यावर त्याचा मेंदू फुगतो, असेही त्यांना आढळले. मेंदूच्या चयापचयातून निर्माण होणारे पदार्थ वाहिन्यांभोवतीच्या द्रवात साठतात व वाहिन्यांना रुंद करतात. त्यामुळे मेंदूच्या ज्या भागात कार्य वाढते त्या भागाला अधिक रक्त मिळते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या निष्कर्षाला आधार देणारा पुरावा मर्यादित होता, हे येथे मान्य केले पाहिजे. संपूर्ण मेंदूची हालचाल मोजून त्याच्या एखाद्या लहान भागाविषयी विधान करणे म्हणजे प्रयोगाच्या पलीकडे जाणे होते. कल्पना योग्य, पण साधन तोकडे, अशी ही स्थिती होती.

एका नकाराची किंमत

१८९६ मध्ये लिओनार्ड हिल यांनी मेंदूतील रक्ताभिसरणावर ग्रंथ प्रसिद्ध केला व रॉय-शेरिंग्टन यांचे मत फेटाळले. हिल यांचा युक्तिवाद भक्कम वाटणारा होता. मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचा द्रव हे सर्व कवटीच्या बंद पेटीत असते व त्यांचे एकूण आकारमान बदलू शकत नाही, हा मन्रो व केली यांचा जुना सिद्धांत त्यांच्या हाताशी होता. शिवाय रोहिणींतील व नीलांतील दाब त्यांनी काळजीपूर्वक मोजले होते. चेतांच्या उद्दीपनाने मेंदूच्या वाहिन्यांत स्वतंत्र असा बदल त्यांना दिसला नाही. तेव्हा मेंदूचा रक्तपुरवठा पूर्णपणे सर्वसाधारण दाबावर अवलंबून असतो आणि मेंदूच्या वाहिन्यांना स्वतःचे नियमन नाही, असे त्यांनी घोषित केले.

येथे एक सूक्ष्म तर्कदोष होता. चेतांचे नियंत्रण दिसले नाही यावरून कोणतेच नियंत्रण नाही, असे ठरविण्यात आले. नियंत्रण म्हणजे चेतांचे नियंत्रण, ही समजूत इतकी दृढ होती की, ऊतींच्या रासायनिक नियंत्रणाची शक्यता स्वतंत्रपणे तपासण्याची निकड भासली नाही. दुसरी मर्यादा साधनाची होती. हिल यांनी दाब मोजला. रक्ताचा स्थानिक प्रवाह मोजण्याचे साधन त्यांच्याकडेही नव्हते. तरीही सुमारे तीन दशके हिल यांचे मत प्रमाण मानले गेले. मेंदूला अधिक रक्त मिळवून द्यावयाचे तर संपूर्ण शरीराचा रक्तदाब वाढविणे हाच मार्ग, असा त्या मताचा व्यावहारिक अर्थ होता.

हे मत ढळले ते १९२८ च्या सुमारास. त्या वर्षी हेन्री फोर्ब्स यांनी प्राण्याच्या कवटीत काचेची खिडकी बसवून मेंदूच्या पृष्ठभागावरील वाहिन्यांची रुंदी प्रत्यक्ष मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी जॉन फुल्टन यांनी एका रुग्णाचा वृत्तांत प्रकाशित केला. मेंदूच्या पश्च भागातील वाहिन्यांच्या विकृतीमुळे या रुग्णाच्या डोक्याच्या मागील बाजूस रक्तप्रवाहाचा आवाज ऐकू येत असे, आणि डोळ्यांनी काम करताना, विशेषतः वाचताना, तो वाढे. दृष्टीशी संबंधित भागातील रक्तप्रवाह दृष्टीच्या कार्याबरोबर वाढतो, याचे हे मानवातील विलक्षण प्रमाण होते. ३८ वर्षांपूर्वीचा रॉय-शेरिंग्टन यांचा विचार अशा रीतीने पुन्हा दृष्टिपथात आला.

वाहिनीची भिंत

हिल यांच्याबरोबर १८९५ मध्ये मेंदूच्या रक्ताभिसरणावर निबंध लिहिणारे विल्यम बेलिस यांनीच पुढे स्थानिक नियमनाचा एक वेगळा प्रकार शोधून काढला, ही इतिहासातील लक्षणीय घटना होय. १९०२ मध्ये त्यांनी चेता तोडलेल्या पायाच्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास केला. आतील दाब वाढला की वाहिनी प्रथम ताणली जाते व नंतर आकुंचन पावते. दाब घटला की ती सैल पडते. यात चेतांचा संबंध नाही. भिंतीतील स्नायू ताणाला स्वतःच उत्तर देतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. या गुणधर्माची उपयुक्तता उघड आहे. रक्तदाब वाढला तरी वाहिनी अरुंद झाल्याने प्रवाह फारसा वाढत नाही. दाब घटला तरी ती रुंद झाल्याने प्रवाह टिकून राहतो.

या शोधाच्या वाट्यालाही नकारच आला. १९१२ मध्ये ग्लेब आनरेप यांनी आक्षेप घेतला की, दाब वाढविण्यासाठी ज्या चेतेचे उद्दीपन केले जाते तिच्यामुळे अधिवृक्क ग्रंथीतून ॲड्रेनॅलिन रक्तात येते, आणि वाहिन्यांचे आकुंचन त्यामुळे होते. दाब घटविताना रक्तपुरवठा खंडित होऊन चयापचयजन्य पदार्थ साठतात, त्यामुळे वाहिन्या रुंदावतात. म्हणजे बेलिस यांच्या दोन्ही निरीक्षणांना दुसरे स्पष्टीकरण मिळाले. आक्षेप शास्त्रीय दृष्ट्या योग्य होता, कारण त्या काळच्या प्रयोगांत ही कारणे वेगळी काढता येत नव्हती. परिणाम असा झाला की बेलिस यांची कल्पना बाजूस पडली. १९३० नंतरच्या दशकात कोपनहेगनच्या मोगेन्स फोग यांनी मांजराच्या मेंदूवरील वाहिन्यांत तोच प्रतिसाद पाहिला. परंतु बेलिस यांच्या विचाराला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती १९४९ मध्ये, स्वीडनमधील ब्योर्न फॉलकाव यांच्या प्रयोगांमुळे. मूळ शोध आणि त्याची सर्वमान्यता यांत जवळजवळ अर्धे शतक गेले.

केशवाहिन्या आणि रक्ताचे ऋण

दरम्यान, चयापचयाच्या बाजूने पुरावा साठत होता. कोपनहेगनचे ऑगस्ट क्रोघ यांनी स्नायूतील केशवाहिन्या मोजल्या. प्राण्याच्या रक्तात शाई सोडून नंतर स्नायूचे सूक्ष्म छेद तपासले असता, विश्रांतीत थोड्याच केशवाहिन्यांत शाई आढळे. काम केलेल्या स्नायूत मात्र त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढलेली असे. केशवाहिनीपासून पेशीपर्यंतचे अंतर जितके कमी, तितका ऑक्सिजन सहज पोहोचतो, हे त्यांनी गणिताने मांडले. या कार्यासाठी त्यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. केशवाहिन्या स्वतः आकुंचन पावतात, हे क्रोघ यांचे मत पुढे बरेच मागे पडले व मुख्य नियंत्रण सूक्ष्म रोहिणींकडे असल्याचे मानले गेले. तथापि २०१४ मध्ये मेंदूच्या केशवाहिन्यांभोवतीच्या पेशी रक्तप्रवाह बदलतात, असा पुरावा प्रसिद्ध झाल्याने तोही वाद पुन्हा उघडला.

लंडनच्या थॉमस लुईस यांनी माणसाच्या हातावर साधा प्रयोग केला. दंडाला पट्टा आवळून काही मिनिटे रक्तप्रवाह थांबवावयाचा व मग तो सोडावयाचा. पट्टा सुटताच हात लाल होतो आणि प्रवाह पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढतो. लुईस व रॉनल्ड ग्रँट यांनी १९२५ मध्ये दाखविले की, अडथळ्याचा काळ जितका मोठा, तितकी ही प्रतिक्रियाही मोठी. आणि ती होण्यासाठी चेतांची आवश्यकता नसते. थांबलेल्या काळातील रक्ताचे ऋण ऊती जणू व्याजासह वसूल करते.

मग तो वाहिन्या रुंद करणारा पदार्थ कोणता? आम्ल, कार्बन डाय-ऑक्साइड, पोटॅशियम, ऑक्सिजनचा अभाव अशी अनेक नावे पुढे आली. १९२९ मध्ये ॲलन ड्ररी व आल्बेर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी ॲडेनोसिनचा हृदयावरील व वाहिन्यांवरील परिणाम दाखविला. १९६३ मध्ये रॉबर्ट बर्न यांनी ऑक्सिजन कमी पडलेल्या हृदयपेशींतून ॲडेनोसिन बाहेर पडते व तेच हृदयाच्या रोहिणींना रुंद करते, असा सिद्धांत मांडला. हृदयाच्या बाबतीत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. हृदयाचा स्नायू विश्रांतीतही त्याला मिळालेल्या ऑक्सिजनपैकी बहुतांश शोषून घेतो. म्हणून अधिक ऑक्सिजन हवा असेल तर प्रवाह वाढविण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. परंतु ॲडेनोसिनचा परिणाम औषधाने रोखला तरी श्रमाच्या वेळी हृदयाचा रक्तप्रवाह वाढतच राहतो, असे पुढील प्रयोगांत आढळले. एकच पदार्थ शोधण्याची धडपड येथे अपुरी ठरली.

मापनाचे युग

१९४५ मध्ये अमेरिकेतील सेमूर केटी व कार्ल श्मिट यांनी नायट्रस ऑक्साइड वायूच्या साहाय्याने जागृत माणसाच्या मेंदूचा रक्तप्रवाह मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९४८ च्या निबंधात निरोगी तरुणांमध्ये दर १०० ग्रॅम मेंदूमागे मिनिटाला सुमारे ५४ मिलिलिटर रक्त, हे मूल्य त्यांनी नोंदविले. श्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढविला की हा प्रवाह लक्षणीय वाढतो, हेही दिसले. १९५९ मध्ये डेन्मार्कच्या नील्स लासेन यांनी अशा अनेक मापनांचे संकलन करून दाखविले की, रक्तदाबाच्या विस्तृत मर्यादेत मेंदूचा प्रवाह जवळपास स्थिर राहतो. स्वयंनियमनाचा हा आलेख आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळतो. हिल यांचे मत, मेंदू दाबाच्या मागे निमूटपणे जातो हे, आकड्यांनी खोडले गेले.

तथापि याच पद्धतीने एक कोडेही निर्माण केले. मनात गणित सोडविताना मेंदूचा एकूण रक्तप्रवाह वाढत नाही, असे १९५५ मध्ये आढळले. विचाराला जादा रक्त लागत नाही, असा अर्थ यातून निघू शकला असता. प्रत्यक्षात पद्धत संपूर्ण मेंदूची सरासरी देत होती आणि स्थानिक वाढ त्या सरासरीत बुडत होती. १८९० मध्ये जी अडचण रॉय व शेरिंग्टन यांना आली होती, तीच येथे नव्या रूपात उभी राहिली. त्याच वर्षी केटी यांच्या गटाने किरणोत्सारी वायू वापरून प्राण्याच्या मेंदूतील वेगवेगळ्या भागांचा प्रवाह स्वतंत्रपणे मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली व या अडचणीतून वाट निघाली.

अंतःस्तराचा शोध

वाहिनीच्या आतील एकपेशीय थर म्हणजे अंतःस्तर. तो केवळ गुळगुळीत अस्तर आहे, अशी दीर्घकाळ समजूत होती. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत महारोहिणीच्या पट्ट्यांवर ॲसिटिलकोलीन टाकले असता त्या आकुंचन पावत. जिवंत प्राण्यात मात्र तेच द्रव्य वाहिन्या रुंद करते. ही विसंगती अनेक वर्षे सुटली नव्हती. १९७८ मध्ये प्रयोगाच्या क्रमात झालेल्या एका चुकीतून पट्टी सैल पडल्याचे दिसले. शोध घेता असे लक्षात आले की, पट्ट्या तयार करताना त्यांचा आतील पृष्ठभाग नकळत घासला जाऊन अंतःस्तर नष्ट होत असे. तो शाबूत राहिला की वाहिनी सैल पडते. फर्चगॉट व जॉन झावाड्झ्की यांनी हा शोध १९८० मध्ये प्रसिद्ध केला. अंतःस्तरातून बाहेर पडणारा तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, असे १९८७ मध्ये साल्व्हादोर मोनकाडा यांच्या व लुई इग्नारो यांच्या गटांनी दाखविले. नायट्रोग्लिसरीनसारखी औषधे हाच वायू मुक्त करून कार्य करतात, हे फेरिद मुराद यांनी १९७७ मध्येच सुचविले होते. १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना मिळाले. त्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे हृदयशूळावर दिल्या जाणाऱ्या औषधाचे कार्य अशा रीतीने उलगडले.

मागणी आणि पुरवठा

चयापचय वाढले की टाकाऊ पदार्थ साठतात आणि त्यामुळे रक्त वाढते, हे सूत्र १८८० पासून चालत आले होते. १९८६ मध्ये पीटर फॉक्स व मार्कस रेचल यांनी माणसाच्या त्वचेला स्पर्शाचे उद्दीपन देऊन मेंदूच्या संबंधित भागात मापने केली. रक्तप्रवाह २९ टक्क्यांनी वाढला. ऑक्सिजनचा वापर मात्र केवळ ५ टक्क्यांनी. पुरवठा मागणीपेक्षा कितीतरी अधिक होता. रक्त तुटवड्यामुळे येते, हे साधे गणित येथे बसत नव्हते. चेतापेशींमधील संदेशवहनाच्या रसायनांकडूनच वाहिन्यांना संकेत मिळतो, म्हणजे तुटवडा पडण्यापूर्वीच पुरवठ्याची तयारी होते, हा विचार त्यानंतर बळावला. या जादा पुरवठ्यामुळे नीलांतील रक्तात ऑक्सिजन शिल्लक राहतो. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखविलेला चुंबकीय संकेत त्यावरच आधारलेला आहे, आणि मेंदूचे कार्य दाखविणाऱ्या एम.आर.आय. चित्रणाचा पायाही तोच आहे. म्हणजे अशा चित्रातील रंगीत ठिपका विचार दाखवीत नाही. तो स्थानिक रक्तप्रवाहातील बदल दाखवितो. त्या चित्रांवरून मानवी मनाविषयी विधाने करणाऱ्यांनी हा भेद विसरता कामा नये.

निष्कर्ष

या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, प्रत्येक काळातील मत त्या काळच्या साधनाने घडविले. चेता कापता व उद्दीपित करता येत होत्या, तेव्हा चेता प्रमुख ठरल्या; दाब मोजता येत होता, तेव्हा दाब सर्वस्व ठरला; अंतःस्तर नकळत घासला जात होता, तोवर त्याचे अस्तित्व नगण्य राहिले. दुसरी, नकारात्मक निष्कर्ष हे सकारात्मक निष्कर्षाइतकेच तपासून घ्यावे लागतात. हिल व आनरेप हे दोघेही काळजीपूर्वक काम करणारे संशोधक होते. त्यांच्या साधनांना जे दिसले नाही ते अस्तित्वातच नाही, असे पुढील पिढ्यांनी मानले, आणि त्याची किंमत अनेक दशकांनी मोजावी लागली. तिसरी, केंद्र की स्थानिक, हा मूळ प्रश्नच अपुरा होता. चेता संपूर्ण शरीराचा रक्तदाब सांभाळतात, म्हणजे कालव्यात पाणी ठेवतात. ऊती, वाहिनीची भिंत व अंतःस्तर आपापल्या बांधावरचे दार हलवितात. एक यंत्रणा निकामी झाली तर दुसरी तिची जागा काही प्रमाणात घेते, म्हणूनच एकमेव कारण शोधणाऱ्यांना वारंवार अपयश आले.

विद्यार्थ्यांसमोर हे सर्व चार ओळींच्या तक्त्यात मांडले जाते. तो तक्ता अचूक आहे. पण प्रत्येक ओळ कोणत्या प्रयोगावर उभी आहे आणि ती एकदा का खोडली गेली होती, हे सांगितले नाही, तर विद्यार्थ्याला उत्तर मिळते आणि ते तपासण्याची रीत मात्र मिळत नाही.